काटेवाल्यांचा झुकता तराजू

काटेवाले कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ करतात. यजमान पाणी आणायला आत वळला की ह्यांचं काम उरकलेलं असतं. बायको नजरेनेच दटावते, पण ह्यांच्यावर काडीइतकाही परिणाम होत नाही. एकदा दवाखान्यात डॉक्टर उजव्या हाताचा रक्तदाब मोजत असताना ह्यांनी डाव्या हाताने टेबलावरचं कॅलेंडर सारखं केलं. डॉक्टरांना रक्तदाब पुन्हा मोजावा लागला.

एकेचाळीस वर्षं तराजू दुरुस्त केलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची? बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं, दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. तिथे भाजीवाल्यांचे तराजू यायचे, किराणावाल्यांचे यायचे, भंगारवाल्यांचे तर चिखलासकट यायचे. अधूनमधून औषधांच्या प्रयोगशाळेतला एखादा काचेच्या पेटीतला काटा यायचा, तेव्हा ते दुकानाचं दार लावून घ्यायचे आणि पंखाही बंद करायचे.

तराजूची सगळी अक्कल त्याच्या धारेत असते, असं काटेवाले सांगतात आणि कुणी ऐकत नसलं तरी सांगतात. तराजूची दांडी मधोमध एका पोलादी धारेवर टेकलेली असते. ती धार तीक्ष्ण असेल तर मोहरीचा दाणा टाकला तरी काटा हलतो. धार बोथट झाली की तराजू आळशी होतो, आणि आळशी तराजू खोटं बोलतो. दुरुस्त केलेला प्रत्येक तराजू ते मोहरीच्या दाण्याने तपासायचे. गिऱ्हाईक उत्साहाने पारड्याला बोट लावायला गेलं की म्हणायचे, "हात काढा." मग ते गिऱ्हाईक पोलीस असो की शाळेचे मुख्याध्यापक. सगळं मनासारखं झालं की दांडीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तारीख कोरायचे आणि शेजारी एकच शब्द लिहायचे. मधोमध.

समोरच्या भाजीवाल्याने तीस वर्षं त्यांच्या मागे भुणभुण लावली होती. "काटेवाले, फार नाही, एवढासा माझ्या बाजूला झुकता ठेवा." तीस वर्षं काटेवाले नाही म्हणाले आणि तीस वर्षं दोघे रोज दुपारी एकत्र चहा प्यायले. ह्याने विचारणं सोडलं नाही आणि त्यांनी चहा सोडला नाही.

मग आकडे दाखवणारे विजेचे काटे आले आणि दुकान बंद झालं. काटेवाल्यांनी त्याचं दुःख फार दिवस केलं नाही. कामाचं टेबल घरी आणलं, मागच्या खोलीत बायकोच्या शिलाई मशीनशेजारी लावलं, आणि खोलीच्या मधोमध खडूने एक रेघ मारली. रेघेच्या अलीकडे दोरे, पलीकडे स्क्रू. बायकोने दुसऱ्याच दिवशी ती रेघ पुसली, पण स्क्रू आणि दोरे आजही आपापली हद्द पाळतात. घड्याळं, शिवणयंत्रं, दारांच्या कड्या असं काहीबाही दुरुस्तीला येत राहतं. सकाळ मजेत जाते, दुपारी भाजीवाला चहाला येतो. माणसाला आणखी काय हवं, असं काटेवाल्यांना खरोखरच वाटतं.

त्यांच्या ह्या सुखात एकच खिळा टोचत होता, आणि तो मुलीचा होता.

मुलगी लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायला लागले, ते एकतिसाव्या वर्षीही चालूच आहे. ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते आणि रविवारी एका रिकाम्या गोदामात तीन मित्रमैत्रिणींबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवते. गिटार आकाशी रंगाची, पहिल्या नोकरीत घेतलेली, एकुलती एक. त्यावर तिने स्वतःची एक धून बांधली होती. धुनीची सुरुवात वेगवान होती. मग मधोमध बाकीचे तिघे थांबायचे आणि भिंगरी एकटी एक सूर धरायची. गिटारच्या ब्रिजला एक धातूची दांडी असते. ब्रिज म्हणजे जिथे सहा तारांची खालची टोकं अडकवलेली असतात तो भाग. ती दांडी दाबली की ब्रिज पुढे कलतो, तारा सैल होतात आणि सूर खाली खाली बुडत जातो. तीन श्वास तो तळाशी ठेवायचा, मग दांडी सोडायची. सूर वर येऊन नेमका पहिल्या जागी थांबला की त्याच क्षणी बाकीच्यांनी त्यात उडी घ्यायची, अशी ती रचना होती.

दोन महिन्यांपूर्वी गावातल्या सभागृहात त्यांनी ती धून वाजवली. सूर बुडाला. तीन श्वास झाले. वर आला, पण पुरता आला नाही, किंचित खालीच राहिला. तिघांनी उडी घेतली आणि सगळं एकमेकांवर आपटलं. पहिल्या रांगेतलं कुणीतरी हसलं. घरी आल्यावर भिंगरीने गिटार पेटीत घातली, पेटी कपाटावर टाकली आणि त्यानंतर घरात एक सूर वाजला नाही.

"इतकी वर्षं मी शांतता मागत होते," बायको मशीनवर मान खाली घालून म्हणाली. "आता मिळाली तर नकोशी झालीय."

अशात त्याच सभागृहाकडून पुन्हा बोलावणं आलं, चार आठवड्यांनंतरचं. भिंगरी जेवताना म्हणाली, "एकदाच वाजवेन. ह्याही वेळी सूर जागेवर आला नाही तर गिटार कुणालातरी देऊन टाकणार. मला परत तसं उभं राहायचं नाहीये."

ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की काटेवाल्यांचा घास तसाच राहिला. पोरगी रडून बोलली असती तर त्यांनी समजूत घातली असती. साध्या आवाजातलं बोलणं ती खरं करते हे त्यांना ठाऊक होतं.

जेवण झाल्यावर त्यांनी स्टुलावर चढून पेटी खाली काढली. "बघू दे तरी."

गिटारच्या पाठीवर एक झाकण होतं. चार स्क्रू काढून काटेवाल्यांनी आत बघितलं. आत एक कप्पा होता. ब्रिजखाली लोखंडाचा एक ठोकळा त्या कप्प्यात लोंबत होता आणि त्याला तीन स्प्रिंगा मागून ओढून धरत होत्या. वरून सहा तारा एका बाजूला खेचताहेत, खालून तीन स्प्रिंगा दुसऱ्या बाजूला, आणि ब्रिज मध्ये तोलून उभा.

"अगं," ते म्हणाले, "हा तर तराजू आहे."

"बाबा, प्रत्येक गोष्ट तराजू नसते."

"असते. कुणी नीट बघत नाही एवढंच."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. ब्रिज सहा स्क्रूंवर डुलत होता आणि सहाही जागी धातू झिजून गुळगुळीत झाला होता. अशा तराजूवर त्यांनी बटाटेही तोलू दिले नसते. शिवाय गिटारच्या मानेच्या टोकाला, जिथे तारा खाचांतून जातात, तिथे त्या सरकत होत्या. गेलेली तार परत त्याच जागी यायची नाही. भिंगरीने सांगितलं की कुलूपवाला ब्रिज मिळतो. त्यात तारा दोन्ही टोकांना चिमट्यात आवळून टाकतात, म्हणजे सरकायचा प्रश्नच नाही. आणि तो ब्रिज सहा स्क्रूंवर नाही, दोन खुंट्यांवर टेकतो.

"कशाने टेकतो?"

"धारेने," भिंगरी म्हणाली आणि बापाचा चेहरा बघून तिला दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

वाद्यांच्या दुकानातला माणूस केसांची शेपटी बांधणारा होता. त्याने काउंटरवर मखमल अंथरून ब्रिज मांडले. पहिला अजिबात न हलणारा. "हा निर्धास्त," तो म्हणाला. पण भिंगरीचा सूर बुडायचा होता, त्यामुळे तो बाद. दुसरा भिंगरीच्या गिटारला होता तसाच, फक्त नवा. तोही बाद. मग दोन कुलूपवाले, एक सोनेरी आणि एक काळा.

"आधीच सांगतो," शेपटीवाला म्हणाला, "हे प्रकरण कटकटीचं आहे. जुळवताना जीव जातो. आणि वाजवताना एक तार तुटली ना, तर तोल जातो. बाकीच्या पाच ताणल्या जाऊन वर चढतात आणि सगळंच बेसूर. मग थांबायचं आणि खाली उतरायचं."

काटेवाल्यांचं तिकडे अर्धंच लक्ष होतं. त्यांनी खिशातून भिंग काढलं. "ह्याची धार कुठे आहे?"

"काका, हा ब्रिज आहे. सुरी नाही."

काटेवाल्यांनी सोनेरी ब्रिज उलटा केला, धार शोधली आणि तिच्यावरून नख फिरवलं. मऊ धातूवर नुसता सोनेरी मुलामा. दुकानात मांडून मांडूनच धार चेपली होती. मग काळा घेतला. त्याची धार कडक पोलादाची, सरळ, स्वच्छ. त्यांनी ती इतका वेळ न्याहाळली की मागे दोन गिऱ्हाइकं येऊन निघून गेली.

"हा," ते म्हणाले.

"लोक रंग बघून घेतात," शेपटीवाला म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात आता जरा अदब आली होती. "बसवून देऊ का? लाकडात भोकं पाडावी लागतील."

भिंगरीने बापाकडे बघितलं. "बाबा बसवतील."

परत येताना भिंगरीला बाबा बसवणार ह्याचा आनंद होता आणि काटेवाल्यांना नाही म्हणता न आल्याची धास्ती. तराजू बिघडला तर दांडी बदलता येते. गिटारच्या अंगातलं लाकूड एकदा कोरलं की कोरलं. दोन खुंट्यांची दोन भोकं केसभर जरी इकडेतिकडे झाली तरी ती गिटार जन्मात सुरात वाजणार नव्हती.

पुढचे चार दिवस ते फक्त मोजत होते. मानेपासून मोजलं, कडेपासून मोजलं, पुठ्ठ्याचा साचा केला, साचा फाडला, नवा केला. एका जुन्या स्टुलाच्या फळीवर सराव म्हणून भोकांच्या अकरा जोड्या पाडल्या.

"स्टुलाची चाळण झाली," बायको म्हणाली. "आता गिटारला हात लावा, नाहीतर माझं टेबल घ्याल."

शनिवारी सकाळी, उजेड चांगला असताना, बायकोने गिटार दोन्ही हातांनी घट्ट धरली. भिंगरी म्हणाली की तिच्याच्याने बघवणार नाही आणि गच्चीवर निघून गेली. काटेवाल्यांनी साचा बसवला. पहिलं भोक. भुसा फुंकला. दुसरं भोक. मग खालच्या कप्प्याचं तोंड कानशीने जरा मोठं केलं, खुंट्या बसवल्या आणि ब्रिज धारेवर ठेवून बघितला. तो साच्यातल्या रेघेवर येऊन बसला.

"झालं?" जिन्यावरून आवाज आला.

"ये खाली. जिथे हवा तिथेच आहे."

तिघांचाही जीव भांड्यात पडला. बायकोने हात सोडले तेव्हा बोटांवर गिटारच्या कडेचे वळ उठलेले होते.

पण खरी गंमत पुढेच होती. तारा चढवल्या. पहिली सुरात आणली. दुसरी आणली, तर ताण वाढून ब्रिज पुढे कलला आणि पहिली उतरली. पहिली परत चढवली तर दुसरी उतरली. सहावीपर्यंत पोचले तोवर पाचही बिघडलेल्या. स्प्रिंगांचे स्क्रू आवळले तर सगळ्या एकदम वर. असं दुपारपर्यंत चाललं. तराजूत दोनच पारडी असतात. इथे सहा तारा म्हणजे सहा पारडी, आणि प्रत्येक पारडं बाकीच्या पाचांशी भांडत होतं. इथेच घोडं पेंड खात होतं.

काटेवाले चिडले नाहीत. त्यांनी चहा मागितला आणि टेबलावर हात ठेवून बसून राहिले. बसल्या बसल्या त्यांना काचेच्या पेटीतला तो औषधवाल्यांचा काटा आठवला. त्याला बाहेरून एक कळ असते. वजन ठेवताना ती फिरवायची, म्हणजे दांडी उचलून टेकून राहते. धारेवर कसला भार नाही, हेलकावे नाहीत. सगळं ठेवून झालं की कळ सोडायची. झुलत्या तराजूत कुणी माल भरत नाही, हे त्यांनी स्वतः शंभर जणांना शिकवलं होतं, आणि सकाळपासून ते झुलत्या तराजूतच माल भरत होते. त्यांना स्वतःचंच हसू आलं.

त्यांनी लाकडाचा एक तुकडा तासला आणि मागच्या कप्प्यात, लोखंडी ठोकळा आणि भिंत ह्यांच्यामध्ये असा सरकवला की ब्रिज सपाट राहील आणि तारांनी कितीही ओढलं तरी पुढे कलणार नाही. आता एकेक तार सुरात आणली. एकीमुळे दुसरी हलेना. सगळ्या जुळल्यावर ते स्प्रिंगांचे स्क्रू पाव पाव वेढा आवळत गेले. तारांचा भार हळूहळू लाकडावरून स्प्रिंगांवर आला, आणि एका क्षणी तो तुकडा आपोआप सुटून टेबलावर पडला. ब्रिज जिथल्या तिथे. भिंगरीने मानेवरचं कुलूप आवळलं, ब्रिजवरच्या बारीक चकत्या फिरवून उरलासुरला फरक काढला, आणि म्हणाली, "बाबा, दुकानात ह्यालाच जीव जातो म्हणतात."

"दुकानात कळ नसेल," काटेवाले म्हणाले.

मग त्यांनी आपली परीक्षा घेतली. ब्रिजला मेणाने केरसुणीची एक लांब काडी चिकटवली, मागे कागदावर रेघा आखल्या. करंगळीच्या टोकाने ब्रिजला स्पर्श केला तरी काडी हले, आणि बोट काढलं की त्याच रेघेवर येऊन थांबे. वीस वेळा केलं, वीसही वेळा तेच. काटेवाले शेजाऱ्यांना आजही सांगतात की मोहरीचा दाणा टाकला असता तरी हलली असती. मी तेवढं म्हणणार नाही, पण काम सुरेख झालं होतं. त्यांनी झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख लिहिली आणि शेजारी लिहिलं, मधोमध.

भिंगरीने तो लांब सूर धरला. दांडी दाबली. सूर बुडाला, तीन श्वास तळाशी राहिला, वर आला आणि सुरुवातीच्या जागी टेकला. ती गिटार खाली ठेवून बापाच्या गळ्यात पडली. काटेवाल्यांनी तिला थोपटलं आणि डोळ्यांत काहीतरी गेल्याची तक्रार केली. उभ्या आयुष्यात इतकं चांगलं काम झालं नव्हतं असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

आठवडा असाच आनंदात गेला. घरात सूर वाजत होते, मशीन चालत होतं, भाजीवाल्याला रोज नव्याने ब्रिजची हकिगत ऐकावी लागत होती. मग एका संध्याकाळी बायको शिवता शिवता हळूच म्हणाली, "तिचा हात बघितलात का?"

"काय झालं हाताला?"

"वर धरून वाजवतेय. पूर्वी तळहाताची कड तिथे टेकायची, तुमच्या त्या ब्रिजवर. आता अधांतरी धरते. रात्री मनगटाला मलम लावते, आणि तुम्ही आलात की ट्यूब लपवते."

धुनीच्या वेगवान भागात भिंगरी तळहाताची कड ब्रिजवर ठेवून तारा किंचित दाबून धरायची, म्हणजे आवाज तुटक, ठसकेबाज यायचा. पण हा नवा ब्रिज करंगळीच्या स्पर्शाने हलणारा. हात टेकला की तो मागे दबे आणि सगळे सूर वर चढत. म्हणून तिने हात उचलून वाजवायला शिकायचं मनावर घेतलं होतं. आठ वर्षांची सवय ती तीन आठवड्यांत मोडायला निघाली होती, आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हती.

काटेवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग बरोबरच आहे. हात काढायलाच हवा. हात ठेवल्यावर कुठला तराजू खरं सांगेल?"

"अहो, तो तराजू नाही. तिला काही तोलायचं नाहीये, वाजवायचंय." बायकोने दोरा दाताने तोडला. "तुमचं मन मोडायला नको म्हणून पोरगी मनगट मोडून घेतेय."

काटेवाले उठून बाहेर गेले. बाजारात भाजीवाला दुकान आवरत होता. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "उपाय आहे. मागून एक पट्टी लावायची आणि स्प्रिंगा जास्त आवळायच्या. ब्रिज कायमचा एका बाजूला टेकून राहील. दांडीने पुढे जाईल, पण हाताने मागे दबणार नाही."

"मग लावा की."

"झुकता तराजू होईल तो. आणि तो मी स्वतः करायचा?"

भाजीवाला खाली बसून पोट धरून हसला. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाला, "तीस वर्षं मला नाही म्हणालात, ते बरंच केलंत. मी गिऱ्हाइकाला फसवलं असतं. तिच्या त्या तराजूत कोण फसणार आहे, सांगा बरं."

काटेवाले तसेच घरी परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंगरीला मागच्या खोलीत बोलावलं. "वाजव. वेगवान भाग. आणि हात नेहमी ठेवायचीस तसा ठेव."

"आता असाच बरा वाटतो, बाबा."

"मलम कशाला लागतं मग?"

तिने आईकडे रागाने बघितलं. आईने मशीनचं चाक फिरवलं. भिंगरीने हात टेकला आणि वाजवू लागली. काटेवाले भिंग लावून तिच्या तळहाताकडे बघत राहिले. हाताचं वजन, हाताची ऊब, बोटांचा जोर, सगळं त्या ब्रिजवर येत होतं आणि ब्रिज बिचारा प्रामाणिकपणे प्रत्येक गोष्टीला हलत होता. आयुष्यभर त्यांनी लोकांना हात काढायला सांगितलं होतं. इथे हात हाच वाजवणारा होता.

"सूर वर न्यावा लागतो का कधी? दांडी ओढून?"

"नाही. माझ्या धुनीत फक्त खाली जातो."

त्यांनी कडक लाकडाची एक पट्टी तासली आणि कप्प्यात मानेच्या बाजूच्या भिंतीला चिकटवली, असा हिशेब करून की ब्रिज सपाट असताना लोखंडी ठोकळा तिला जेमतेम टेकेल. गोंद वाळल्यावर स्प्रिंगांचे स्क्रू हातात घेतले. एक वेढा. हात थांबला. अगदी जिवावर आलं त्यांच्या. मग आणखी अर्धा वेढा दिला. ठोकळा पट्टीवर दाबून बसला. त्यांनी करंगळीने ब्रिजला स्पर्श केला. पुन्हा चिकटवलेली केरसुणीची काडी जागची हलली नाही.

"ठेव हात," ते म्हणाले.

भिंगरीने अंदाज घेत नुसती कड टेकवली.

"असा नाही. सगळा ठेव. पूर्ण भार दे."

तिने दिला. वेगवान भाग तसाच ठसक्यात, सुरात वाजला. मग लांब सूर धरला, तो बुडाला आणि परत जागेवर आला. ब्रिज पुढे कलत होता आणि परत येऊन पट्टीवर टेकत होता, दमलेला माणूस खुर्चीत बसतो तसा. भिंगरीने तीनदा वाजवलं आणि तिन्ही वेळा बापाकडे बघितलं. तो समाधानाने मान हलवत होता, पण झाकण लावताना त्याने आतली जुनी तारीख आणि 'मधोमध' हा शब्द, दोन्ही खोडरबराने पुसलं आणि त्या जागी काहीच लिहिलं नाही. नवी तारीखही नाही. बायकोने ते मशीनवरून पाहिलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह बऱ्यापैकी भरलेलं होतं. भाजीवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि काटेवाल्यांच्या शेजारी बसला होता. धून सुरू झाली. वेगवान भाग, तळहात ब्रिजवर पक्का. काटेवाले फक्त तो तळहात बघत होते.

आणि मध्येच टणकन आवाज होऊन एक तार तुटली. तुटलेलं टोक दिव्याच्या उजेडात लोंबकळताना तिसऱ्या रांगेतूनही दिसलं.

काटेवाल्यांना शेपटीवाल्याचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. एक तार तुटली की बाकीच्या पाच वर चढतात. थांबायचं आणि खाली उतरायचं. त्यांनी बायकोचा हात धरला आणि सगळं आपटण्याची वाट बघत डोळे मिटून घेतले.

काहीच आपटलं नाही. धून चालूच होती. भिंगरीने बोटं शेजारच्या तारेवर नेली होती आणि पाचही तारा होत्या तिथेच होत्या. काटेवाल्यांनी डोळे उघडले. एका तारेचा ओढा कमी झाला, तसा स्प्रिंगांनी ब्रिज मागे खेचायला बघितला असणार. पण तो मागे जाणार कुठे, तो आधीच पट्टीवर टेकलेला होता. मधोमध तोललेला असता तर तिथेच कोसळला असता. झुकता होता म्हणून उभा राहिला. सभागृहात हे एकट्या त्यांनाच कळलं, आणि ते ओरडून सांगता येत नव्हतं.

तिघे थांबले. भिंगरीने सूर धरला, दांडी दाबली, सूर बुडाला. एक श्वास. दोन. तीन. सूर वर आला, जागेवर टेकला, आणि तिघांनी त्यात उडी घेतली.

ह्या वेळी पहिल्या रांगेतलं कुणी हसलं नाही. टाळ्या थांबेपर्यंत भाजीवाला उभाच होता. बाहेर आल्यावर त्याने काटेवाल्यांच्या खांद्यावर हात टाकला. "ठेवलातच ना शेवटी झुकता."

"हात काढा," काटेवाले म्हणाले, पण खांदा काही हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी नवी तार घेऊन मागच्या खोलीत आली. तार चढवून झाली. काटेवाल्यांनी पाठीचं झाकण काढून स्प्रिंगा एकदा बघितल्या. मग टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली, चाकूने टोक केलं, आणि झाकणाच्या आत, पुसलेल्या जागी, आधी तारीख लिहिली. शेजारी सावकाश लिहिलं: झुकता. मुद्दाम.

"बाबा, हे कोण वाचणार?" भिंगरीने विचारलं.

"पुढे कधीतरी कुणीतरी दुरुस्तीला उघडेल. त्याला वाटेल चुकून राहिलाय, आणि तो सरळ करायला जाईल."

त्यांनी चारही स्क्रू आवळले आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिने हात टेकवला.